मासळीच्या गाडीतून जर्मनीला

पळसदेव,
ता. ४ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. आक्कास,
सावळारामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडं सगळे बरे आहेत. उजनीचं पाणी यंदा लवकरच मागं हटलं. पाण्यातलं जुनं देऊळ निम्मं वर आलंय आणि पुण्याची माणसं होडीत बसून फोटो काढायला येऊ लागलीत. उसाची तोड अजून आलेली नाही. कारखान्याची चिठ्ठी मिळाली की तोडणीची टोळी येईल.

पण पत्राचं कारण ऊस नाही, तुझी लाडकी भाची आहे. संस्कृती तुझ्याकडं राहून बारामतीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी करतेय, तोवर आम्ही निर्धास्त होतो. परवा तिचा फोन आला. म्हणाली, जर्मन भाषेची परीक्षा पास झाले, तिकडच्या एका इस्पितळानं काम दिलंय, एक जूनला हजर व्हायचंय. फोन नेहमीप्रमाणं स्पीकरवर होता. त्यामुळं मी तोंड उघडायच्या आधीच अर्ध्या आळीनं तिचं अभिनंदन करून टाकलं. मग मलाही करावं लागलं.

आता तू मला नीट कळव. खर्च किती, एजंट कोण, आणि हा व्हिसा नेमका कुठल्या साहेबाच्या सहीनं निघतो? मी बापूसाहेबांच्या कानावर घातलंच आहे. कारखान्याचे माजी संचालक म्हटल्यावर त्यांचा शब्द कुठं ना कुठं पोचणारच. ते म्हणाले, सावळाराम, काळजी करू नका, आपण पत्र देऊ.

तुझी भावजय काहीच बोलली नाही. रात्री भाकरी थापताना एवढंच विचारलं, की तितं म्हशी हायत का. मी म्हणालो, असतील.

संस्कृतीनं मागितलेले शाळेचे दाखले सिद्धूच्या गाडीतून पाठवतोय. तो रोज पहाटे धरणाची मासळी घेऊन बारामतीला जातो. पिशवी क्रेटवर ठेवली आहे, भिजली तर वाळवून घ्या.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, त्यात थोडी भर घालावी.

तुझा,
सावळाराम


कोऱ्हाळे बुद्रुक,
ता. ७ फेब्रुवारी

चि. सावळारामास,
राजेश्वरीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खरं तर पत्राआधी त्याचा वास पोचला. दाखले तीन दिवस उन्हात वाळत घातलेत, तरी दहावीच्या गुणपत्रिकेला अजून चिलापीचा वास येतोय. मांजर त्या खोलीतून हलत नाही. पुढच्या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत घाल, आणि पिशवी क्रेटवर नव्हे, सिद्धूच्या मांडीवर ठेव.

फोन न करता लिहितेय, कारण तुझा फोन म्हणजे ग्रामसभा असते. मागं मी तुला माझ्या गुडघ्याचं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या आळीतल्या भागूबाईनं मला तेल पाठवलं होतं.

आता ऐक. एजंट कोणी नाही. पुण्यात एक भेटला होता, त्यानं इतके लाख सांगितले की पोरगी पाणीसुद्धा न पिता उठून आली. मग स्वतःच इस्पितळांना अर्ज धाडत बसली. रात्रपाळी करून यायची आणि झोपायच्या आधी तासभर जर्मन घोकायची. दाजींना आता जर्मनमध्ये एक ते वीस येतात, त्यांचा काही इलाज नव्हता. इतकी नकारघंटा वाजली, तरी हटली नाही. शेवटी एका लहान गावातल्या इस्पितळानं तिची तासभर मुलाखत घेतली आणि होकार दिला. पहिले काही महिने मदतनीस म्हणून काम, मग तिकडची परीक्षा, मग पुरती नर्स. विमानाचं तिकीट ते देणार. व्हिसाची फी, मुंबईचे हेलपाटे, गरम कपडे आणि हातात पगार येईपर्यंतचा खर्च आपला. तो खर्च बाप उचलेल असं तुझं प्रतिज्ञापत्र लागेल. बँकेचे आणि सातबाऱ्याचे कागद जोडायचे. तुला एवढंच करायचंय.

आणि काय करायचं नाही तेही सांगते. बापूसाहेबांचं पत्र नको, संस्कृतीनंही निक्षून सांगितलंय. व्हिसा म्हणजे उसाची तोड नव्हे, चिठ्ठी नेऊन दिली की टोळी आली. आणि शिक्का पडेपर्यंत फ्लेक्स लावू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून हे वाक्य दोनदा वाच.

कौसल्येला सांग, तितं म्हशी नाहीत, गायी आहेत. संस्कृतीनं बघून ठेवलंय.

तुझ्यावर जीव आहे म्हणून एवढी बोलते.

तुझी,
आक्का


पळसदेव,
ता. २६ फेब्रुवारी

ती. सौ. आक्कास,
सावळारामचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, ते वाक्यही दोनदा वाचलं. पण तोपर्यंत फ्लेक्स छापून आला होता. बापूसाहेबांच्या माणसांनीच परस्पर मजकूर दिला. छापलेला फ्लेक्स घरात ठेवला तर उंदीर कुरतडतात, म्हणून फाट्यावर लावला. हायवेवरून दिसतो. वर बापूसाहेब, मधे मी, आणि खाली उजव्या कोपऱ्यात संस्कृती. तिच्या हातात बॅग आहे आणि डोक्यावरून विमान चाललंय. बॅग आपली नाही, कॉम्प्युटरवाल्यानं दिली.

शनिवारी शाळेच्या पटांगणावर सत्कार झाला. संस्कृतीला ड्यूटी होती, म्हणून तिच्या वतीनं शाल मी घेतली. नारळही मी घेतला. बापूसाहेब कागदात तिचं नाव बघून भाषणात म्हणाले, आपल्या तालुक्याची लेक जर्मनीचं आरोग्य सुधारायला निघाली आहे. टाळ्या पडल्या. कौसल्या बायकांच्या मागं उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, ज्या माणसाला आपल्या पोरीचं नाव कागदात बघून घ्यावं लागतं, त्यानं एवढं कशाला बोलावं.

मुंबईला संस्कृतीबरोबर मी गेलो होतो, ते तुला कळलंच असेल. काय ते ऑफिस! शिपाईसुद्धा टाय लावून. सगळे कागद क्रमानं लावून घेतले. आता तुला म्हणून सांगतो, तिला बोलू नकोस. बापूसाहेबांचं पत्र मी बरोबर नेलं होतं. कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडून त्याचं इंग्रजी करून, नोटरीचा शिक्का मारून घेतला होता. पोरगी पाण्याची बाटली भरायला गेली तेवढ्यात ते माझ्या प्रतिज्ञापत्राच्या पाठीमागं सरकवलं. एखादा कागद जास्त असला म्हणून बिघडत नाही, जरा वजन पडतं.

आता बघच तू, लवकर काम होतं का नाही.

रागावू नकोस, आणि रागावलीस तर फोनवर नको.

तुझा,
सावळाराम


कोऱ्हाळे बुद्रुक,
ता. २० मार्च

ती. अण्णांस,
संस्कृतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

अण्णा, फोन केला नाही, कारण हे आळीला ऐकवायचं नाही. हे पत्र आईला वाचून दाखवा, पण दार लावून.

काल व्हिसा ऑफिसकडून मेल आला. ते विचारतात, की तुमच्या एकाच फाइलमध्ये दोन कागद आहेत. पहिल्यात तुमचे वडील शपथेवर सांगतात की माझी बागायती शेती आहे, मी मुलीचा खर्च उचलीन. त्याच्या पाठीमागच्या कागदात एक मान्यवर, नोटरीच्या शिक्क्यानिशी सांगतात की ह्या कुटुंबाची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे, घरात कमावतं कोणी नाही. यातलं खरं कुठलं, ते वडिलांनी स्वतः लेखी कळवावं. शिवाय त्याच पत्रात मुलीला वसतिगृहात राखीव कोट्यातून जागा द्यावी अशी विनंती आहे, ते कुठलं वसतिगृह, हेही त्यांना समजलेलं नाही.

मला समजलं. बापूसाहेबांकडं एकच पत्र आहे. शाळेची फी माफ करायची असो, दवाखान्याचं बिल कमी करायचं असो की वसतिगृहात जागा मिळवायची असो, तेच पत्र. फक्त नाव बदलतात. आमच्या दवाखान्यात आठवड्याला दोन तरी येतात. मी ते पाठ म्हणून दाखवू शकते.

अण्णा, मी चार वर्षं ह्यासाठी झटले. उत्तर पटलं नाही तर अर्ज फेटाळतील, आणि एक जूनला मी हजर झाले नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला देतील. तुम्ही हे मुद्दाम केलं नाहीत हे मला माहीत आहे. पण काल रात्री थोडा वेळ मला तसं वाटलं, आणि ते वाटणं मला फार लागलं.

आईला सांगा, मी जेवतेय.

तुमची,
संस्कृती


पळसदेव,
ता. २३ मार्च

चि. संस्कृतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

बाळ, घाबरू नकोस. दार लावून वाचलं. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही, म्हणजे एरवीपेक्षाही कमी.

मी लगेच बापूसाहेबांकडं गेलो. त्यांना मनापासून वाईट वाटलं. ते म्हणाले, चूक आपली आहे, आपणच निस्तरू. लगेच दुसरं पत्र तयार करून दिलं. त्यात लिहिलंय की पूर्वीचं पत्र नजरचुकीनं गेलं असून सदर कुटुंब पिढीजात गर्भश्रीमंत आहे, त्यांच्या दारात हत्ती झुलले असते, पण जागेअभावी झुलले नाहीत. हत्तीचं मला जरा जास्त वाटलं. पण ते म्हणाले, साहेब लोकांना पटायला पाहिजे. तू सांगशील तर उद्याच त्याचं इंग्रजी करून घेतो.

आणि एक. निवडणुकीची आचारसंहिता लागली, त्यामुळं बापूसाहेबांचा फोटो असलेले सगळे फ्लेक्स ग्रामपंचायतीनं उतरवले. आपलाही उतरवून दारात आणून टाकला. आता फाट्यावरून जाणारा प्रत्येकजण विचारतो, पोरगी गेली व्हय? मी मान हलवतो. ती हो म्हणून आहे का नाही म्हणून, ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

कळावे, आणि जेवत जा.

तुझे,
अण्णा


कोऱ्हाळे बुद्रुक,
ता. २५ मार्च

सावळारामास,
आशीर्वाद आहेतच, पण आज हात आखडता घेतलाय.

हत्तीचं पत्र जिथं असेल तिथं चुलीत घाल. संस्कृतीनं त्याचं वर्णन वाचलं आणि हसता हसता रडायला लागली. मला कळेना की पाठीवर हात फिरवू का पाणी देऊ.

तू मला लिहिलं होतंस तेव्हा मीच तिला सांगायला हवं होतं. मलाही वाटलं, एक कागद जास्त, जाऊ दे. म्हणजे अक्कल सगळी तुझीच गेली असं नाही.

पण आता मी तुला एक विचारते, आणि ह्याचं उत्तर मला नाही, स्वतःला दे. पोरीनं जावं असं तुला वाटतं का? सत्कार केलास, शाल घेतलीस, फ्लेक्स लावलास, पण एकदाही तिला असं म्हणाला नाहीस की जा. ती तेवढ्यासाठी थांबलीय. व्हिसाच्या साहेबानं तुझ्याकडून लेखी मागितलंय, ते बरंच झालं म्हणायचं. ज्याच्या त्याच्याशी दुसऱ्याच्या लेटरहेडवर बोलायची तुला सवय लागलीय. ह्या वेळी वहीचं पान घे आणि तुझ्या हातानं लिही. मराठीत लिही. जर्मन ती करेल.

आणि ट्रॅक्टरवर बसून लिहू नकोस. तुझं अक्षर आधीच फक्त देवाला कळतं.

तुझी,
आक्का


पळसदेव,
ता. २९ मार्च

ती. सौ. आक्कास नमस्कार. वि. वि. पत्र सोबत आहे. चार पानं फाडून हे पाचवं लिहिलं. तुला काय वाटतं ते मला कळवू नकोस. प्लास्टिकच्या पिशवीत घातलंय.
सावळाराम

मे. व्हिसा अधिकारी साहेब,
मुक्काम मुंबई.

पळसदेव, तालुका इंदापूर इथल्या सावळारामचा नमस्कार.

आपण विचारलं, दोन कागदांतला खरा कुठला. माझा खरा. माझा ऊस आहे, विहीर आहे, चार म्हशी आहेत. मुलीला तिकडं पगार मिळेपर्यंत लागेल तो खर्च मी करीन.

दुसरा कागद खोटा आहे, पण लबाडीनं केलेला नाही. आमच्याकडं मोठ्या माणसाकडं काही मागायला गेलं, की आधी मी गरीब आहे असं म्हणायची रीत आहे. मी ते पत्र आणायला माझ्या ट्रॅक्टरवरूनच गेलो होतो. ट्रॅक्टर त्यांच्या दारात उभा होता आणि आत माझी जेवायची भ्रांत असल्याचं टाइप होत होतं. मला, त्यांना, टाइप करणाऱ्याला, कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याला वाटलं, ते बरोबर आहे. वसतिगृहाचं आपण मनावर घेऊ नये.

मुलीनं मला सांगितलं होतं की कुठलं पत्र नको. मी तिचं ऐकलं नाही, कारण शिफारशीवाचून एखादं काम होतं हे मी अजून पाहिलेलं नाही. तिनं हे काम स्वतःच्या जोरावर मिळवलंय. म्हणून तिला पाठवा ती तिच्याकडं बघून, माझ्याकडं किंवा बापूसाहेबांकडं बघून नको.

ती गेल्यावर आमच्या घराची परिस्थिती हलाखीची होणार आहे, हे मात्र खरं. पण ती पैशानं सुधारणारी नाही आणि तिचा मुलीच्या खर्चाशी काही संबंध नाही. तेवढ्यासाठी तिला अडवू नये. तिनं जावं, अशी माझी इच्छा आहे.

आपला,
सावळाराम


कोऱ्हाळे बुद्रुक,
ता. ६ मे

ती. अण्णांस आणि ती. सौ. आईस,
संस्कृतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

व्हिसा आला. पासपोर्ट काल हातात पडला. सगळ्यांत आधी तुम्हांला लिहितेय. आळीला कळायच्या आत तुम्ही दोघांनी पंधरा मिनिटं तरी हे आपल्यापुरतं जवळ ठेवा, मग पाहिजे तर फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांना सांगा.

अण्णा, तुमच्या पत्राचं जर्मन मीच केलं. जर्मनच्या क्लासच्या बाईंनी तपासून दिलं. ट्रॅक्टरपाशी त्या इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातली मुलं डोकावून गेली. शेवटचा परिच्छेद मी आधी गाळला होता, मला वाटलं ऑफिसला त्याची काय गरज. त्या म्हणाल्या, मूळ पत्रात आहे तर घालायलाच हवा. मग घातला. एक पान करायला मला अख्खी संध्याकाळ लागली, आणि शब्द अडले म्हणून नव्हे.

शनिवारी चार दिवसांसाठी घरी येतेय. सत्कार नको. आई, पिठलं आणि बाजरीची भाकरी कर. गरम कपडे घ्यायला आपण तिघं बारामतीला जाऊ. मे महिन्यात स्वेटर मागितला की दुकानदार काय तोंड करतो ते बघू.

अण्णा, तुमचं ते शेवटचं वाक्य मी पाठ केलंय. दोन्ही भाषांत.

तुमची,
संस्कृती


पळसदेव,
ता. २३ जून

ती. सौ. वन्संस,
कौसल्येचा नमस्कार. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही हे तुम्हांला माहीत आहे. अक्षर मुंग्यांसारखं आलं तर सांभाळून घ्या.

पोरीला जाऊन तीन आठवडे झाले. फोन येतो. पण हे तो लगेच स्पीकरवर टाकतात आणि सगळी आळी गोळा होते. भागूबाई विचारते तितं ऊन पडतं का, सिद्धू विचारतो मासं कुठलं मिळतं. मला बोलायचं असतं तोवर तिची ड्यूटी लागते. ती आई म्हणते, मी व्हय म्हणते, की फोन संपला.

फ्लेक्सचं सांगते. दारात नुसताच पडला होता. हे म्हणाले, पावसाच्या आधी कडब्यावर टाकू. मी विळ्यानं त्याचे दोन तुकडे केले. बापूसाहेब आणि हे कडब्यावर गेले. आता दोघं पाऊस झेलतात. पोरीचा कोपरा मी गोठ्यात आतल्या बाजूनं बांधला. धार काढायला बसले की ती समोर असते, बॅग घेऊन. तिला दिवसभराचं सांगते. म्हशींनाही आता सवय झाली. हे एकदा दारात येऊन उभे राहिले आणि बघून गेले. दुसऱ्या दिवशी बघते तर कोपऱ्याला चारी बाजूंनी नवी सुतळी बांधलेली. माझी गाठ त्यांना कच्ची वाटली असेल.

तर काम असं, की मी पोरीला एक पत्र लिहिलंय. ते सोबतच्या पाकिटात आहे. सिद्धू म्हणाला, वहिनी, बारामतीपर्यंत नेतो, पुढचं मला न्हाय जमायचं. पाकिटावर तिकडचा पत्ता तुम्ही इंग्रजीत घाला आणि दाजींना सांगून पोस्टात टाका. तिकिटं किती लागतात ते त्यांना विचारा, मी पैसे सिद्धूजवळ देते. आतलं वाचू नका, वन्सं.

आणि पाकिटाला मासळीचा वास येतोय, तो घालवत बसू नका. उन्हातही ठेवू नका. तिनं पाकीट हातात घेतलं की उघडायच्या आधीच तिला कळू दे, घरून आलंय.

तुमची माया होती, आहे, आणि पुढंही लागणार आहे.

तुमची,
कौसल्या